दोरीचं दुसरं टोक

वरळीच्या समुद्राला गटार म्हणणारे लोक माझ्या डोक्यात जातात. घाण सोडता तुम्ही, आणि नाक दाबता आमच्यासमोर! त्याच पाण्याखाली खडकाला चिकटून प्रवाळ जगतंय, त्याच्या कपारीत गोब्र्याची पिल्लं वाढतायत. आम्ही काहीजण सुट्टीच्या दिवशी बुडी मारून ते मासे मोजतो. फुकट. मोजले नाहीत तर उद्या म्हणतील, इथे काही नव्हतंच.

पाणी एवढं गढूळ की स्वतःचा हात दिसत नाही. म्हणून दोघांच्या मनगटांना एकच दोरी. एक हिसका म्हणजे ‘आहेस?’ दोन म्हणजे ‘आहे.’ ही खूण माझ्या दोस्ताची, सम्यकची. बीडीडी चाळीत लहानपणी पोरं गॅलरीत झोपायची. कमळामावशी, त्याची आई, आत झोपायची आणि दाराखालून दोरी सोडून त्याच्या मनगटाला बांधायची. जाग आली की एक हिसका. तो झोपेतच दोन द्यायचा.

गेल्या जानेवारीत सम्यक दुसऱ्या टीमबरोबर उतरला तो वर आलाच नाही. बॉडीही मिळाली नाही. मावशीने पुण्यानुमोदन, माणूस गेल्यावरचा विधी, करू दिलं नाही. नंतर चाळ सुटली, ती टॉवरच्या तेविसाव्या मजल्यावर गेली, दोरी बरोबर घेऊन. एक टोक मनगटाला, दुसरं सम्यकच्या गादीखाली. लोक म्हणाले, म्हातारी सटकली. म्हणू देत.

या डिसेंबरात त्याची बहीण संघमित्रा म्हणाली, “धम्मादादा, मी पण उतरणार. कोर्स केलाय मी.”

“खाली काय दिसत नाय, मित्रा.”

“एका खोलीत अकरा जणं वाढलोय आम्ही. अंधाराचं कौतुक मला नको सांगूस.”

निघताना मावशीने माझा हात धरला. “एक दिलाय मी त्या पाण्याला. हिला परत आण.” तेवढंच.

भांगाचा दिवस होता, पाण्याला ओढ नव्हती. राजाराम नाखवाने होडी खडकापाशी धरली. आम्ही उतरलो.

मित्रा छान काम करत होती. माझा एक हिसका, तिचे दोन. मी कपारीत टॉर्च घातला. एक तांबोशी माझ्याकडे रागाने बघून आत सरकली. मला बरं वाटलं. मी हिसका दिला.

उत्तर नाही.

परत दिला. दोरी ढिली लागली. कानात फक्त माझाच श्वास.

मग आले. दोन. जोराचे, घाईचे.

दोरी ताठ झाली आणि मला ओढायला लागली. हातावर हात टाकत गेलो. पाणी थंडगार झालं होतं. अचानक बोटं नायलॉनमध्ये घुसली. कुणीतरी टाकून दिलेलं जाळं खडकाला गुंडाळलेलं, आणि त्यात मित्रा. दोन्ही हात अंगाशी आवळलेले. टॉर्चच्या उजेडात तिचे डोळे.

तिच्या मनगटाला दोरी नव्हती.

दोरी तिच्या बाजूने पुढे गढुळात गेली होती. ताठ.

चाकूने जाळं कापलं. ती सुटली, तशी दोरी ढिली पडली. ओढून घेतली. रिकामा फास.

होडीत मित्रा खोकत, कुडकुडत बसली. “शोधलंस कसं मला?”

“तू हिसके दिलेस ना.”

“कशाने देणार? दातांनी?” ती हसली, आणि मग रडायला लागली.

आम्ही घरी पोचलो तेव्हा मावशी गादीशेजारीच बसली होती. मनगटावर लाल वळ, कातडी सोललेली. तिने मित्राला कुशीत ओढलं, तिचे केस हुंगले. “खारट झालीस गं, पोरी.”

मग चहात साखर किती विचारावी तशी मला म्हणाली, “सकाळी सम्यकने ओढलं. एकट्याला जड जात होतं त्याला. मग मीपण लावला जोर.”

मी गादी उचलली. दोरी ओली होती, शेवाळाचा वास येत होता. टोकाला काहीच बांधलेलं नव्हतं. मी ते मुठीत धरलं.

मित्राला थोपटता थोपटता मावशीने सवयीने एक हिसका दिला.

माझ्या मुठीतलं टोक दोनदा ओढलं गेलं. मावशीच्या बाजूने नाही.