तो सुटतो ना?

“कितवा मजला?”

लिफ्टमध्ये मागून कुणीतरी विचारलं आणि माझ्या काळजाचा ठोका चुकला. दोनच शब्द... पण हा आवाज कित्येक महिने माझ्या कानात होता. रात्ररात्र भिंत पोखरणारा, पहारेकऱ्याची चाहूल लागली की श्वास रोखणारा, माझ्याकडे दवाखान्याची किल्ली मागणारा — माझा कैदी!

दचकू नका. मी परदेशी मालिकांना आपल्या भाषेत आवाज देते. सध्या गाजतेय ती तुरुंगातून पळून जाण्याची मालिका. तिच्यातली तुरुंगाची डॉक्टरीण मी बोलते आणि पळू पाहणारा कैदी तो. आमच्या कामात प्रत्येक जण काचेच्या खोलीत एकटाच बोलतो. जो मागून येतो, त्याच्या हेडफोनमध्ये आधीच्याचा आवाज वाजतो. जिवावरच्या गोष्टी बोललो होतो आम्ही, पण एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

आणि आता तो शेजारी उभा. चष्मा, निथळणारी छत्री, विस्कटलेले केस. तोंड उघडलं असतं तर त्याने लगेच ओळखलं असतं. आणि ओळखून हिरमुसला असता तर? पडद्यावरची डॉक्टरीण केवढी देखणी, आणि इथे मी, पावसात भिजलेली मांजर. मी मुकाट चार बोटं वर केली.

“घसा बसलाय?”

मी मान डोलावली. बसलेल्या घशाला आमच्या धंद्यात तापापेक्षा जास्त मान. त्याचा चेहरा एकदम हळवा झाला. खिशातून ज्येष्ठमधाची काडी काढून त्याने माझ्या हातावर ठेवली.

“अजिबात बोलू नका. कुजबुजूसुद्धा नका हं.”

मी कशाला बोलतेय! एक सुस्कारा तेवढा निसटला.

दैव देतं अन् कर्म नेतं, म्हणतात ते असं. त्यानंतर लिफ्टमध्ये गाठ पडली की मी मुकी. खोटं एकदा बोललं की पाळावं लागतं, आणि हे तर न बोलता बोललेलं.

“अजून नाही उघडला घसा? मग नुसतं ऐका,” तो म्हणायचा. “आज मला गटारातून सरपटायचंय. संवाद एक नाही, फक्त धापा. आमच्या डॉक्टरीणबाई सोबत असत्या तर... पण त्या कधी भेटतच नाहीत.”

मी ओठ दाबून हसायची आणि चौथ्या मजल्यावर उतरून स्वतःच्या डोक्यात टपली मारायची.

घरी आईने वेगळाच जीव खाल्ला होता. मालिका लागली की ती उशी पोटाशी धरून बसायची.

“तो सुटतो ना गं?”

“आई, करार आहे. सांगता येत नाही.”

“आईलासुद्धा?”

“मलाच माहीत नाही. तुकडे तुकडे देतात आम्हाला.”

“मग माझ्या जिवाला घोर कशाला लावता?” ती चिडायची आणि पुन्हा टीव्हीला डोळे लावायची. “अगं, प्रत्येक जण कुठे ना कुठे अडकलेलाच असतो. तो एक वीट काढतो आणि मला वाटतं, आपलीच निघाली.”

माझी वीट मात्र जागची हलत नव्हती.

आणि एके दिवशी रेकॉर्डिस्टकाका म्हणाले, “शेवटचा भाग आलाय. कैद्याचं काम आत्ताच उरकलं. आता तो काही इकडे यायचा नाही.”

“मरतो?” मी विचारलं.

“मला नको विचारूस. करार आहे.”

मी हेडफोन चढवले. पडद्यावर दवाखान्याचं दार, कानात तो. “दार उघडं ठेवशील ना?” मी म्हणायचं होतं, “ठेवीन. मागे वळून बघू नकोस.” कैदी अंधारात निघून गेला, पडदा काळा झाला... पण कानातला आवाज थांबला नाही.

“लिफ्टमधल्या बाई... तुमचा घसा बसलेला नाही. पहिल्या दिवशी तुम्ही एक सुस्कारा टाकलात. किल्ली देण्याआधी डॉक्टरीण टाकते, तोच. मी तो कुठेही ओळखेन. तुमचं होईपर्यंत खाली थांबतो. नाही आलात तर वाईट वाटेल, पण समजेन मी.”

काका छताकडे बघत म्हणाले, “अरेच्चा, हे पुसायचं राहिलं वाटतं.”

त्यानंतर माझं एकही वाक्य धड होईना.

“अगं, जन्माचा निरोप देतेयस, बस पकडत नाहीयेस. परत घे,” काका म्हणायचे. परत. पुन्हा परत. माझा जीव खाली दारापाशी टांगलेला. एवढा वेळ कोण थांबतं?

सुटले तशी धावले. लिफ्ट येईना, म्हणून जिना. खाली बाकावर कुणी नव्हतं, बाकाजवळ छत्रीतून निथळलेल्या पाण्याचं थारोळं तेवढं होतं. गेला... माझ्या मेल्या तोंडाला कुलूप, म्हणून गेला. डोळे भरून आले.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. मी येईना म्हणून तो वर बघायला गेला होता.

“कितवा...” म्हणता म्हणता तो थांबला.

“माझा घसा ठणठणीत आहे,” मी म्हणाले. आवाज कापत होता, आणि तो डॉक्टरणीचा नव्हता, माझाच होता. “तुम्ही मला आवडता. फार आवडता. म्हणून तोंडच उघडेना.”

दार मिटू लागलं, तसा त्याने हात आडवा घातला आणि ते माझ्यासाठी उघडं धरलं. मी आत गेले.

शेवटचा भाग लागला, त्या दिवशी आई उशी धरून बसली होती. कैदी भिंतीवर लटकलेला, खाली कुत्री भुंकत होती, आणि आमची बेल वाजली. मी दार उघडलं.

“येऊ का आत?” त्याने बाहेरून विचारलं.

आईच्या हातातली उशी गळून पडली. तिने टीव्हीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग माझ्या लाल झालेल्या तोंडाकडे.

“म्हणजे सुटला तर,” ती म्हणाली, आणि सरकून सोफ्यावर त्याला जागा करून दिली.