सत्तर पावलांची दोरी

सांगणार नाही म्हटलं तरी तुम्ही काही उठत नाही. प्रॅक्टिस संपली, अंधार पडला, घरी आया वाट बघतायत, आणि तुम्हाला म्हाताऱ्याच्या तोंडून भूत पाहिजे. बसा मग. मध्येच खिदळायचं नाही. आणि मोबाइलचे ते दिवे विझवा, डोळ्यांत जातात.

हे माझ्यावर गुदरलेलं नाही. आपल्या क्लबच्या स्कोअररवर गुदरलं. कानावर कायम पेन्सिल, म्हणून सगळे त्याला पेन्सिलच म्हणायचे. चाळीस वर्षं त्यानं क्लबच्या मॅचेस लिहिल्या. बायको वारलेली, पोरगा लांब. तो दर रविवारी फोन करायचा, तोही ‘जेवलात का’ एवढ्यापुरता. घरात दोन खुर्च्या. एकीवर हा बसायचा, दुसरीवर रद्दी.

क्लबला पंचाहत्तर वर्षं होत होती. सेक्रेटरीनं क्लबचा इतिहास छापायला काढला. मैदान कसं मिळालं, त्यातले दगडधोंडे कुणी वेचले, पूर्वेकडचा तुकडा पार्किंगला जाऊन मध्ये भिंत कशी आली, सगळं त्यात घालायचं होतं. फेब्रुवारीतला मंगळवार, तेवीस तारीख. संध्याकाळी सेक्रेटरीचा पेन्सिलला फोन आला.

“काका, त्या हरलेल्या फायनलची वही सकाळी नऊला पाहिजे. माळ्याचं प्रकरण छापतोय. पुरावा लागेल.”

माळ्याचं प्रकरण काय, ते आधी ऐका. माझ्या आधी इथं एक माळी होता. बायको नाही, पोर नाही, स्टोअररूमच्या मागच्या खोलीत एकटा राहायचा. तेव्हा सीमारेषा आखायला दोन माणसं लागायची. एक मधल्या स्टंपापाशी दोरीचं टोक धरून उभा. दुसरा सत्तर पावलांवर, दुसरं टोक कमरेला बांधून, बुडाला भोकं पाडलेल्या चुन्याच्या डब्यावर थापा मारत गोल चालायचा. मधल्यानं तसूभरही हलायचं नाही. दोरीला दोन हिसके बसले की मगच सोडायची.

फायनलच्या आदल्या संध्याकाळी मध्ये उभा होता पेन्सिल, ऐन विशीतला. फाटकाशी एक मुलगी आली. हा दोरी हातात धरूनच तिच्याकडे सरकला. बारा पावलं. माळी तेव्हा पूर्वेला पाठमोरा चालत होता. पूर्वेची रेषा तेवढीच आत आली. दुसऱ्या दिवशी शेवटच्या षटकात आपल्या पोरानं तिथंच कॅच घेतला, पण पाय रेषेबाहेर. छक्का. ढाल गेली.

मग कुणीतरी पावलं मोजली. आरडाओरडा झाला. पेन्सिल घाबरला, आणि त्यानं वहीत शेरा मारला, ‘रेषा वाकडी. माळी प्यालेला होता.’ माळी दारूला शिवतही नव्हता. त्याला खोलीतून काढलं. त्यानं वळकटी उचलली आणि निघाला. वर्षाच्या आत कुठंतरी परमुलखात वारला, एकटाच. आणि फाटकावरची ती मुलगी पेन्सिलची बायको झाली.

तर त्या मंगळवारी, रात्री पावणेअकराला, पेन्सिल क्लबची किल्ली घेऊन निघाला. झोप तशीही येत नव्हती. स्टोअररूममध्ये बॅटरीच्या उजेडात ट्रंक उघडली, वही काढली. पान सापडलं. स्वतःचंच अक्षर, कोरल्यासारखं. उद्या ते हजार प्रतींत जाणार होतं. पान चिमटीत धरून तो कितीतरी वेळ उभा राहिला. फाडवेना. खरं सांगावं तर तोंड कुठं दाखवायचं, तेही कळेना. शेवटी वही काखेत मारली आणि मैदानातून घरी निघाला.

पायाला दोरी लागली.

माळी विसरला वाटतं, असं त्याला वाटलं. माळी म्हणजे मी. मला एक शिवी हासडून त्यानं ती गोळा करायला घेतली. चार हात आली. मग अडकली. त्यानं ओढली.

पलीकडून कुणीतरी ओढली.

त्यानं बॅटरी मारली. दोरी अंधारात सरळ गेलेली. ताठ. जमिनीपासून कमरेएवढी उंच.

थप... थप...

डब्यावरची थाप. हल्ली चुना मशीननं पडतो. हा आवाज त्या मैदानात कित्येक वर्षांत झाला नव्हता.

“दादा?” पेन्सिल म्हणाला. त्या जुन्या माळ्याला तो दादा म्हणायचा.

दोरीला नुसता हलका ताण. नीट उभा राहा, असं सांगितल्यासारखा.

तो मधल्या स्टंपाच्या जागी गेला. वही खाली ठेवली. दोरीचं टोक दोन्ही हातांनी छातीशी धरलं. दोरी फिरू लागली. तोही जागच्या जागी वळत राहिला. दक्षिण झाली. मग पूर्व. पूर्वेला ती भिंत, पुरुषभर उंच. दोरी आता अडकणार...

अडकली नाही.

थप... थप... आवाज भिंतीपलीकडून. उभ्या गाड्यांमधून.

तेवढ्यात पाठीमागून, फाटकाकडून...

“अहो.”

पेन्सिलच्या बायकोचा आवाज. तीन वर्षं झाली होती तिला जाऊन.

“अहो... किती वेळ उभे राहाल? चला ना घरी.”

फाटकावर एक दिवा आहे, बघा. मधल्या स्टंपापासून शंभरेक पावलं तरी असेल. पण बारा पावलं पुढं गेलं की तिथल्या माणसाचा चेहरा दिसतो. त्याला ते ठाऊक होतं. त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

एक पाय उचलला गेला.

मग त्यानं तो होता तिथंच ठेवला.

“थांब गं,” तो म्हणाला. “एवढं होऊ दे.”



पुन्हा हाक आली नाही. तो रडत होता आणि वळत होता. उत्तर झाली. पश्चिम झाली. थाप जवळ आली... थांबली.

दोन हिसके.

त्यानं दोरी सोडली.

पहाटे साडेपाचला मी आलो तेव्हा तो खेळपट्टीवर बसलेला. त्यानं मला सगळं सांगितलं. वहीतला शेरा खोडला, खाली लिहिलं, ‘माळी शुद्धीत होता. मध्ये मी हललो.’ सही केली. इतिहासात तेच छापलंय, जाऊन बघा. नंतर तो दोन वर्षं जगला. रोज संध्याकाळी त्या फाटकाशी उभा राहायचा. हाक काही आली नाही.

त्या पहाटे रेषा मात्र होती. पांढरीफेक, गोल, कुठं आत नाही की बाहेर नाही. भिंतीच्या पायाशी गेलेली, आणि पलीकडे पार्किंगच्या डांबरावर निघालेली. तिथं एक गाडी महिनाभर बंद पडून होती, चाकं बसलेली. आम्ही चौघांनी ती ढकलली. चाकांखाली चुना होता. रेषा कुठं तुटलेली नाही.

सेक्रेटरी आला. सगळ्या कमिटीसमोर मला म्हणाला, “रात्री पिऊन हे धंदे केलेस?” मी त्याला गाडीखालचं दाखवलं. त्यानं वाकून बघितलं, हात झटकले आणि निघून गेला. पेन्सिलनं त्या माळ्याच्या बंद खोलीपुढं हात जोडून माफी मागितली, ती मी या कानांनी ऐकली. माझी माफी ज्यानं मागायची राहिलीय, तो माणूस अजून धडधाकट आहे, रोज माझ्या समोरून गाडी आत घालतो. तुमचे सेक्रेटरीसाहेब.