हालवारची निळी गाडी

मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी सरोवराकाठच्या सगळ्या जुन्या गाड्या हिवाळाभराची झोप झटकून रांगेने फेरीला निघतात. त्या सकाळी सिक्स्टनही निळी गाडी सुरू करायला शेडमध्ये गेला. तीन हिवाळे खपून त्याने ती उभी केली होती. गाडी हालवारची, म्हणजे त्याच्या बायकोच्या, गुनवोरच्या, पहिल्या नवऱ्याची. हालवारला जाऊन अकरा वर्षं झालेली. मेलेल्यावर जळणारा आमच्या गावात तेवढा एकच. जिवंतांवर जळणारे आम्ही बाकी सगळे.

त्याला एवढंच हवं होतं: गावादेखत त्याने गाडी हाकावी आणि गुनवोरने शेजारी बसावं. मग हालवार खरा मेला.

किल्ली फिरवली. इंजिन नुसतं कुथलं. प्लगची वायर काढून टोक इंजिनच्या लोखंडाजवळ धरलं, ठिणगी नाही. पॉइंट काडेपेटीच्या कडेने घासले, कॉइल बदलली. ठिणगी नाहीच. शेडमध्ये मात्र डांबरी साबणाचा वास दाटत चालला. सिक्स्टन तो साबण वापरत नसे; हालवार वापरायचा.

शेजारचा आल्गोट कुंपणावरून खिदळला, "काय रे, जुन्या धन्याची परवानगी घेतलीस का?"

"तू तुझी सायकल सांभाळ, म्हाताऱ्या!"

गुनवोर कॉफीचा थर्मास घेऊन आली. "सरक बघू." बसली, किल्लीला नुसतं बोट लावलं... आणि इंजिन मांजरासारखं घुरघुरू लागलं.

"हिला दटावून चालत नाही रे," ती हसली. "हालवार हिच्याशी हळू बोलायचा."

तसं हसू सिक्स्टनच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

"बंद कर ती," तो म्हणाला. "टोपी घेऊन ये. वारा आहे."

ती घरात जाताच त्याने बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून आतला रोटर उपटला. अंगठ्याएवढा तुकडा, पण तोच फिरून प्रत्येक प्लगला ठिणगी वाटतो. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून आमच्याकडे लोक तो खिशात घालून हिंडतात. हा पठ्ठ्या भुतापासून राखण करत होता! झाकण लावून, रोटर मुठीत आवळून तो पुटपुटला, "आता बोल हळू..."

गुनवोर टोपी बांधत आली आणि चालकाशेजारच्या सीटवर बसली. चालकाची जागा रिकामी होती.

"चल ना," ती म्हणाली. सिक्स्टनकडे बघून नव्हे.

किल्ली फिरली. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं.

"गुनवोर... अगं, उतर!"

गाडी शेडबाहेर पडली. फाटकाशी शिस्तीत वळणाचा दिवाही लागला. आल्गोटने सवयीने चालकाला हात केला, आणि तो हात तसाच वर राहिला.

सिक्स्टनच्या मुठीत रोटर गरम झाला होता. गरगर फिरत होता.

दुपारी बाकीच्या गाड्या परतल्या. चर्चच्या वळणापुढे निळी कुणाला दिसली नव्हती. आज बुधवार. सिक्स्टनच्या तळहाताला फोड आलेत, तरी तो मूठ सोडत नाही. म्हणतो, हा फिरतोय तोवर ती कुठेतरी जातेय...

आज सकाळी रोटर मंदावला. फाटकाशी वळताना गाडी मंदावते ना, तसा.

सिक्स्टन धावत गेला. फाटकात कुणीच नव्हतं.