कापलेली पिन

विश्वास ठेवायचा तर ठेवा, पण मी तिथे उभा होतो. भुतं रात्रीच येतात असं कुणी म्हटलं की मला हल्ली हसू येतं. हे घडलं गेल्या शनिवारी, दुपारी चार वाजता, लख्ख उन्हात, एका घराच्या परसदारी.

मी आणि माझे दाजी, म्हणजे ताईचे मिस्टर, साउंडचं काम करतो. दाजी मिक्सरवर बसतात. मी केबल ओढतो, स्टँड उभे करतो आणि वर दाजींच्या शिव्या खातो.

त्या दिवशी एका बँडच्या ड्रमरच्या घरामागे, हिरवळीवर कार्यक्रम होता. वीसेक खुर्च्या. बँडच्या गायकाला जाऊन दोन वर्षं झाली, म्हणून त्याच्या आठवणीत.

तो गेला होता याच हिरवळीवर. आमच्याच साउंडवर.

आधी ते सांगतो. त्याच्या गिटारच्या अँपमधून सारखं घूं घूं यायचं. दाजींना घाई. त्यांनी पक्कड घेतली आणि अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन कापून टाकली. घूं थांबलं. "बघ, एका मिनिटात!" म्हणत त्यांनी मला डोळाही मारला.

गायकाची एक सवय होती. माइक तपासताना सगळे एक, दोन, तीन म्हणतात. हा उलटं मोजायचा, पाचपासून. आणि 'एक' म्हटलं की हसायचा.

त्या दिवशीही गिटार गळ्यात अडकवून तो मोजायला लागला. पाच. चार. तीन. दोन...

ओठ माइकला लागले.

'एक' आलंच नाही.

अँपमध्ये करंट उतरला होता. पिन असती तर तो जमिनीत गेला असता. पिन नव्हती, तो पोराच्या अंगातून गेला.

दाजी सगळ्यांना म्हणाले, "दहा वेळा सांगितलं, ओल्या गवतावर अनवाणी उभा राहू नकोस. ऐकलंच नाही." सरळ मेलेल्याच्या नावावर बिल फाडलं.

आणि गडबडीत तो प्लग बदलला कुणी? मी. कापलेला प्लग नाल्यात फेकला कुणी? मीच. ताईचा संसार डोळ्यांसमोर आला आणि मी मूग गिळून गप्प बसलो.

त्याच्या आईला, काकूंना, दोन वर्षं जो तो ऐकवत होता की तुमच्या मुलाचाच आगाऊपणा नडला.

शनिवारी काकू लवकर येऊन पहिल्या खुर्चीत बसल्या होत्या. बँडवाल्या पोरांनी आठवण म्हणून त्याचा अँपही आणून ठेवला होता. पोरं आत कपडे बदलत होती. मी अजून एक्स्टेन्शन बोर्डसुद्धा जोडला नव्हता. आणि...

घूं.

"अँप कशाला चालू केलास रे?" दाजी ओरडले.

"दाजी, लाइट अजून जोडलीच नाही."

"मग काय भूत वाजवतंय?"

मी अँपची केबल ओढली. टोक हातात आलं...

प्लगला दोनच पिना. तिसरी कापलेली. कापल्याची खूण अशी चकचकीत, की आत्ताच पक्कड लावली असावी.

दाजींनी पाहिलं. चेहरा पडला. पण माणूस हट्टी. "फेक तो, दुसरा लाव," म्हणाले, आणि तरातरा जाऊन माइक हातात धरला.

"चेक, चेक..."

स्पीकरमधून त्यांचा आवाज आलाच नाही.

आला तो...

"पाच."

काकू उभ्या राहिल्या. स्वतःच्या लेकराचा आवाज कोणती आई विसरेल?

"चार."

दाजी हात झटकत होते. माइक सुटत नव्हता.

"तीन."

"बंद कर! बंद कर ते!" दाजी किंचाळले. मी काय बंद करणार? बोर्डाची वायर माझ्याच हातात होती, कशालाही न जोडलेली.

"दोन."

मग शांतता. घूंसुद्धा थांबलं. कुणीतरी वाट बघत होतं.

काकू दाजींसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"खरं सांग. तू माझ्या मुलाला सांगितलं होतंस, अनवाणी उभा राहू नकोस म्हणून?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली गवताकडे.

"हो काकू," दाजी म्हणाले. "दहा वेळा सां..."

"एक."

आणि मग तो हसला. तस्साच.

दाजी आडवे झाले. ओठ काळेठिक्कर. वाचले, पण जीभ वळत नाही. डॉक्टर म्हणतात, करंट लागलाय. कुठला करंट, ते कुणीच सांगू शकत नाही.

मला वाटलं, त्याचा सूड पुरा झाला. कसला पुरा!

रविवारी दवाखान्याच्या लिफ्टमध्ये शिरलो. मजला सांगणाऱ्या बाईच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाच्या जागी तो म्हणाला, "पाच." मला दुसऱ्या मजल्यावर जायचं होतं.

बुधवारी ताईच्या टीव्हीतून, "चार." ताईला ऐकू आलं नाही.

काल शेजाऱ्यांच्या बेलमधून, "तीन."

आज हिय्या करून काकूंना फोन लावला. ठरवलं होतं, पिनेचं सांगायचं, प्लगचं सांगायचं. काकू "हॅलो" म्हणाल्या आणि ताईचा चेहरा आडवा आला. तेवढ्यात फोनमधून...

"दोन."

काकू अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "बाळा? तू आहेस?"

मी फोन ठेवून दिला.

भेकड म्हणा मला. म्हणून तर हे इथे लिहितोय. तुम्ही सगळे वाचाल, पण काकू असलं काही वाचत नाहीत. उद्या सकाळी त्यांच्या घरी जाऊन समोर बसून सांगेन. शप्पथ सांगेन.

फोन बंद केलाय. टीव्हीचा प्लग काढलाय. बेलची वायरही तोडली.

तरी आत्ता, हे लिहिताना...

घूं येतंय.