फिरकीचा पिवळा फ्रॉक

हे घडलंय. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं, मला कुणाची मनधरणी करायची नाही.

आणि रात्र, वादळ असलं काही नव्हतं. शनिवारची भर दुपार. स्टुडिओच्या मागची कपडेपटाची खोली. आत माझी ताई आणि मी, दोघीच.

ताई सिनेमांचे कपडे सांभाळते, मी तिच्या हाताखाली. तो सिनेमा रस्त्यावरच्या मुलांवर होता. सरांना, म्हणजे दिग्दर्शकाला, खरीखुरी मुलं हवी होती. पुलाखालची.

पहिल्या दिवशी मुलं आली ती नटूनथटून. नळावर अंघोळ करून, केसांना पाणी लावून, भांग पाडून. सिनेमात दिसायचं होतं ना! एक पोरगी सारखी गोल गोल फिरायची, म्हणून तिला सगळे फिरकी म्हणायचे. तिने आपला एकुलता एक पिवळा फ्रॉक साबणाने खसाखसा धुऊन घातला होता.

सर भडकले.

"लग्नाला आलीत काय ही? मळवा त्यांना."

मळवणं हे आमचं कामच. चहाचं पाणी, ग्रीस, पॉलिश पेपर. ताईने फ्रॉक घासून विटवला, ग्रीस फासलं, काखेत फाडला. फिरकी शेजारी उभी राहून बघत होती.

"मावशी, झालं की धुऊन देणार ना?"

"देते गं बाई," ताई म्हणाली.

शूटिंग संपलं, पण फ्रॉक देता आला नाही. सिनेमा पुरा होईपर्यंत कपडे पेटीत ठेवायचे, हा आमच्या धंद्यातला नियम. एखादा शॉट पुन्हा घ्यावा लागला तर तोच कपडा, तोच डाग लागतो. फिरकीला आमच्याकडचा, शूटिंगसाठी मुद्दाम फाडलेला जादा जोड देऊन वाटेला लावलं. ती फाटकाशी येऊन फ्रॉक मागायची. ताई सरांकडे गेली.

"थंडी पडलीय सर. पोरगी आपल्याच चिंध्यांत हिंडतेय."

"कंटिन्युइटी कळते ना तुम्हाला?" सर म्हणाले. वरून वॉचमनला सांगून तिचं येणंही बंद केलं.

त्याच थंडीत फिरकी पुलाखाली तापाने गेली. अंगावर आमच्याच चिंध्या.

सरांना हे कळलं तेव्हा ते "अरेरे" म्हणाले. आणि पुढच्याच वाक्यात म्हणाले, "तिचा एक पाठमोरा शॉट राहिलाय. दुसरी मुलगी उभी करू. फ्रॉक काढून ठेवा." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या शनिवारी ताईने पेटीचं कुलूप काढलं.

फ्रॉक ओला होता...

धुऊन पिळलेला. ग्रीसचा डाग नाही, चहाचा नाही. खोलीभर साबणाचा वास. बाकीच्या मुलांचे कपडे मात्र कोरडे ठणठणीत.

"तू धुतलास?" ताईने विचारलं.

"मी कशाला धुऊ? आणि ग्रीस साबणाने निघतं होय?"

काखेत फाडलेलं तेवढं तसंच होतं. शिवायला फिरकीला कुठे येत होतं.

फ्रॉक नेऊन सरांना दाखवला. त्यांनी एकच शब्द उच्चारला. "मळवा."

ताईने पुन्हा ग्रीस फासलं, फ्रॉक दोरीवर टाकला. खोलीला कुलूप लावून आम्ही दाराबाहेर डबा खायला बसलो. घास तोंडाशी नेला आणि...

खस्स... खस्स...

आतून.

कुणीतरी कपडा घासत होतं. त्या खोलीत नळ नाही. बादलीसुद्धा नाही.

मग फरशीवर कपडा आपटल्याचा आवाज. मग काहीच नाही.

दाराखालून फेसाचं पाणी आलं... माझ्या पावलांपर्यंत.

कुलूप काढलं. आत कुणी नव्हतं. फ्रॉक दोरीवर निथळत होता. पिवळाधमक.

आमची ओरड ऐकून सर धावत आले, बघितलं, चेहरा पांढराफटक पडला. तरी म्हणाले, "पुन्हा मळवा."

ताईने सुईदोरा घेतला. त्यांच्यासमोर बसून काख शिवली, इस्त्री फिरवली, फ्रॉक पिशवीत घातला.

"तुमची कंटिन्युइटी गेली खड्ड्यात, सर. आणि तुम्हीही जा."

फिरकी झोपायची तिथे, पुलाच्या कठड्याला आम्ही तो फ्रॉक बांधून आलो. सकाळी तो नव्हता. कुणीतरी नेला असेल. असेलच.

सिनेमा त्या शॉटवाचून पुरा झाला. बक्षिसं मिळाली. स्टेजवर सर डोळे पुसत म्हणाले, "ही सगळी माझीच मुलं." मी टीव्ही बंद केला, नाहीतर फोडला असता.

बाकीच्या मुलांचे कपडे अजून स्टुडिओतल्या पेटीतच आहेत, किल्ली ताईकडे. ताईने मुलांना परत द्यायला मागितले, सर हो म्हणत नाहीत.

आज दुपारी ताईचा फोन आला. पेटी उघडली होती तिने.

"बटण्याचा शर्ट..."

ओला. धुऊन पिळलेला.

बटण्या म्हणजे फिरकीच्या टोळीतला, सगळी बटणं गळ्यापर्यंत लावून फिरणारा पोरगा. तो जिवंत आहे. निदान परवा सिग्नलपाशी मी स्वतः त्याच्याशी बोलले.

सरांना विचारलं, पोरगं कुठे असतं? म्हणाले, "मला काय माहीत?"

आत्ता आम्ही दोघी पुलाखाली आहोत. कालपासून त्याला इथे कुणी पाहिलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणाला दिसला तर आधी कळवा. भुताचं नंतर विचारा.