गिरणीसमोर गाडी थांबते

गाडी चालवण्याच्या परीक्षा घेणारा तो परीक्षक वाईट माणूस होता असं कुणी म्हणणार नाही. त्याच्या हातातलं पेन फुली मारायला जरा उतावीळ होतं, इतकंच. शिकाऊ मंडळींनी त्याचं नाव ‘फुलीसाहेब’ पाडलं होतं. ते त्याला माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

रस्त्यांविषयी त्याचं एक ठाम मत होतं. विशीतला माणूस गाडी पळवतो आणि सत्तरीपुढचा गाडीत पेंगतो. रस्ता खरा सांभाळतो तो मधला, म्हणजे साधारण अठ्ठेचाळिशीचा, मिशी राखलेला, थंड डोक्याचा माणूस. फुलीसाहेब अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. मिशीही होती.

त्या दिवशी दुपारपासूनच धुकं उतरलं होतं. पावणेचारलाच आवारातले दिवे लावावे लागले. दोनच परीक्षा उरल्या होत्या आणि बाकावर दोघीच बसल्या होत्या. एक ऐंशी वर्षांची सुईणबाई. चाळीस वर्षं आपल्या छोट्या गाडीतून घरोघर जाऊन तिने बाळंतपणं केली होती, आणि आता वयामुळे तिच्या परवान्याची पुन्हा परीक्षा होती. दुसरी बेकरीवाल्याची अठरा वर्षांची मुलगी. ती पास झाली तर पहाटेची पावाची व्हॅन तिच्या ताब्यात येणार होती. दोघींची तासाभरात गट्टी जमली होती. म्हातारी तिला क्लचबद्दल काहीतरी सांगत होती आणि मुलगी तोंडावर हात धरून हसत होती.

फुलीसाहेब कागद घेऊन बाहेर आला तसा सुईणबाईचा मुलगा, औषधांच्या दुकानाचा मालक, त्याच्या कानाशी लागला.

“साहेब, एक विनंती आहे. आईला नापास करा.”

“म्हणजे?”

“आम्ही सांगून थकलो हो. किल्ली द्यायलाच तयार नाही. नदीपलीकडे मावशी एकटी असते, तिच्याकडे दर दोन दिवसांनी जाते. मी म्हणतो, मी सोडतो. तर म्हणते, तुझ्या गाडीत बसायची मला भीती वाटते.” बोलता बोलता त्याचा फोन वाजला, तो त्याने उचलला, आणि तसाच बोलत आपल्या गाडीकडे गेला. गाडी ‘येथे गाडी उभी करू नये’ या पाटीखालीच उभी होती.

फुलीसाहेबाने पेनाचं टोपण काढलं.

सुईणबाईने परीक्षेच्या गाडीची सीट पुढे ओढली, आरसे नीट केले, आणि गाडी अशी हलवली की आवारातल्या मांजरालाही उठावंसं वाटलं नाही. वळणावर इशारा वेळेवर, गिअर लोण्यासारखे. फुलीसाहेबाचं पेन कागदावर अधांतरी राहिलं.

“तुमचा जन्म इथलाच का हो?” तिने विचारलं.

“हो.”

“मग माझ्या हातचे नाही तुम्ही. माझ्या हातची मुलं हसतात.”

फुलीसाहेबाने खिडकीबाहेर पाहिलं. मिशीखाली काहीतरी हललं, ते त्याने दाबलं.

परीक्षेचा रस्ता ठरलेला होता. पाण्याची टाकी, मग बंद कापडगिरणीची लांब भिंत, मग पूल आणि परत. गिरणीला टाळं लागून वीस वर्षं झाली होती. तिच्या मोठ्या दारासमोर रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे अजून होते, झिजून झिजून फिकट झालेले. तिथून कुणी रस्ता ओलांडत नसे. ओलांडून जायला पलीकडे काही उरलंच नव्हतं.

त्या पट्ट्यांपाशी सुईणबाईने गाडी थांबवली.

पुढे फक्त धुकं होतं. इंजिन गुरगुरत होतं. भिंतीवरून पाण्याचे थेंब टपटपत होते. फुलीसाहेब पाच सेकंद थांबला, मग दहा.

“कशासाठी थांबलात?”

तिने काच खाली केली आणि बाहेर पाहून हलक्या आवाजात म्हणाली, “सावकाश या, मला घाई नाही.” काचेतून गार हवा आत आली आणि तिच्याबरोबर एक वास. गरम तेलाचा आणि कापसाचा. यंत्र नुकतंच थांबलं की येतो तसा... फुलीसाहेबाच्या नाकात बारीक तंतू गेल्यासारखं झालं आणि त्याला शिंक आली.

“चला,” म्हणत तिने काच वर केली आणि गाडी पुढे काढली.

‘विनाकारण थांबणे.’ फुलीसाहेबाने फुली मारली. एकच, पण ठसठशीत. भास होणं ही साधी चूक नव्हती. ही एक फुली नापास करायला पुरेशी होती.

आवारात परतल्यावर तो म्हणाला, “निकाल दुसऱ्या परीक्षेनंतर सांगतो.”

“सांगा की. पण ती फुली कशाची, ते कळेल का?”

“गिरणीसमोर कुणी नसताना थांबलात.”

सुईणबाईने चष्मा काढून पुसला आणि त्याच्याकडे जरा काळजीनेच पाहिलं. “कुणी नव्हतं?” ती म्हणाली. “तुम्हाला दिसत नाहीत त्या? मग इतकी वर्षं तुम्ही तिथून गाडी तशीच...” पुढचं तिने गिळलं आणि ती बाकावर जाऊन बसली.

ते अर्धवट वाक्य कॉलरमध्ये गेलेल्या केसासारखं फुलीसाहेबाला टोचत राहिलं.

बेकरीवाल्याची मुलगी गाडीत बसली ती बडबडतच. “सर, मी घाबरले की बोलते. बोललेलं चालतं ना? बाबा म्हणतात, तुझं तोंड आणि गाडी एकाच वेगाने जातील. पण तसं नाहीये सर, तोंडाचा वेग जास्त आहे.”

“समोर बघा.”

ती समोर बघत होती. खरं तर फार नीट बघत होती. फुलीसाहेब वेगाच्या काट्याकडे डोळे लावून बसला होता, पण काटा तिशीच्या पुढे सरकेना. धुकं आणखी दाट झालं होतं. टाकी गेली. गिरणीची भिंत सुरू झाली. मुलगी एकदम बोलायची थांबली.

आणि पट्ट्यांपाशी तिने ब्रेक दाबला.

फुलीसाहेबाच्या हातातलं पेन पायाशी पडलं. “आता काय झालं?”

“बायका आहेत ना सर. केवढ्या आहेत... सुट्टी झाली वाटतं गिरणीची.”

“कोणत्या गिरणीची?”

“ही काय. दारातून येताहेत.” तिचा आवाज अगदी साधा होता. “केसांना पांढरं काहीतरी लागलंय सगळ्यांच्या. पीठ आहे का सर? आमच्या भट्टीत असं होतं.”

फुलीसाहेबाने डोळे ताणून पाहिलं. धुकं होतं, पट्टे होते, आणि बंद दारावरचं गंजलेलं कुलूप होतं. पण कानाला काहीतरी लागलं. पुष्कळ चपला ओल्या रस्त्यावरून घासत गेल्यासारखं... डब्याचं झाकण डब्यावर किणकिणल्यासारखं... कुणीतरी दबक्या आवाजात हसलं. हसू त्याच्या खिडकीजवळून गेलं आणि पलीकडे विरलं. अंगावर काटा आला. तरीही, का कोण जाणे, ते हसू ओळखीचं वाटलं. दिवसभराचं काम संपवून घरी निघालेल्या बायकांचं हसू असतं, तसलंच ते होतं.

“गेल्या का?” त्याने विचारलं, आणि आपण काय विचारतोय हे लक्षात येऊन तो चपापला.

“गेल्या. पण एक थांबलीय.”

“कुठे?”

“बॉनेटसमोर. हात दाखवतेय, थांब म्हणून.” मुलीने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. “सर... ती माझ्याकडे नाही बघत. तुमच्याकडे बघतेय.”

फुलीसाहेबाला स्वतःचाच राग आला. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, थंड डोक्याचा, आणि एका पोरीच्या बोलण्याने घाम फुटतो?

“गाडी पुढे घ्या.”

“सर, ती उभी आहे.”

“मी परीक्षक आहे. मी सांगतोय, पुढे घ्या.”

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पाय ब्रेकवरून हलला नाही. “नापास करा सर. खुशाल करा. माणूस समोर असताना मी नाही नेणार.”

त्याने रागाने फुलीसाठी पेन शोधायला खाली हात घातला. बोटांना पेन लागलं, तेवढ्यात धुक्यातून ते आलं.

इंजिनाचा आवाज नव्हता. दिवे नव्हते. उजवीकडच्या उताराच्या गल्लीतून वाळूने भरलेला एक ट्रक उलटा, चोरासारखा घरंगळत आला, त्यांच्या नाकासमोरून, पट्ट्यांपलीकडे दोन हातांवरून रस्ता कापत गेला आणि गिरणीच्या भिंतीवर धडकला. भिंतीचा कोपरा कोसळला. वाळू सांडण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. ट्रकच्या केबिनमध्ये कुणीही नव्हतं.

मुलीचा पाय अजून ब्रेकवर होता. फुलीसाहेबाने पाहिलं, त्याचाही पाय परीक्षकासाठी त्याच्या बाजूला बसवलेल्या ब्रेकवर होता. तो कधी ठेवला, ते त्याला आठवेना.

गल्लीतून ट्रकचा ड्रायव्हर धापा टाकत आला. हातात चहाचा ग्लास तसाच होता. वय असेल पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस. मिशी भरघोस. “हॅन्डब्रेक ओढलाच नाही वाटतं,” तो म्हणत होता. “दोन मिनिटांचं काम म्हणून उतरलो...” त्याने फुलीसाहेबाला पाहिलं आणि कसनुसा हसला. “साहेब, मला तुम्हीच पास केलं होतं.”

मुलीला आधी हसू फुटलं. रडता रडता ती हसायला लागली. मग फुलीसाहेबाला फुटलं. दहा वर्षांत तो त्या गाडीत हसला नव्हता. हसताना मिशी थरथरते, हे त्याला त्या दिवशी कळलं.

आवारात परतल्यावर त्याने दोन्ही कागद टेबलावर ठेवले. सुईणबाईच्या कागदावरची फुली खोडली आणि बाजूला लिहिलं, ‘योग्य कारणासाठी थांबल्या’. मुलीच्या कागदावर एकही फुली नव्हती.

“पास? दोघी?” औषधवाला ओरडला. “अहो, काय ठरलं होतं आपलं?”

“काहीच ठरलं नव्हतं. तुम्ही बोललात, मी ऐकलं. आणि ती तुमची गाडी पाटीखालून हलवा. तुम्हाला पुन्हा परीक्षेला बोलवायचा अधिकार मला असता, तर उद्याच बोलावलं असतं.”

सुईणबाईने मुलाचा दंड थोपटला. “चल बाळा. आज मी चालवते, तू बस. फोन मात्र बंद कर, मला लक्ष द्यावं लागतं.”

तिला निरोप देताना फुलीसाहेबाने आवाज खाली आणला. “बाई, त्या... कोण आहेत त्या?”

“मला काय ठाऊक?” ती म्हणाली. “मी नावगाव विचारत नाही. त्या जाईपर्यंत थांबते. थांबायला काय लागतं?”

बेकरीवाल्याच्या मुलीने तिला गच्च मिठी मारली आणि उद्या सकाळी पहिला पाव तुमच्या दारात, असं वचन दिलं.

सगळे गेल्यावर फुलीसाहेबाने कार्यालय बंद केलं आणि स्वतःच्या गाडीत बसला. घरी जायला दोन रस्ते होते. बाजारातला लांबचा, आणि गिरणीवरून जवळचा. बाजाराकडे वळायचा इशारा त्याने दिलाही. मग म्हातारीचं ते अर्धवट वाक्य आठवलं आणि त्याने इशारा बदलला.

धुकं विरळ झालं होतं. ट्रक हलवला होता, वाळू तेवढी उरली होती. पट्ट्यांपाशी तो थांबला. समोर कुणी दिसत नव्हतं. तरी त्याने काच खाली केली, घसा खाकरला, आणि भोवती कुणी ऐकत नाही ना हे पाहून म्हणाला, “या. सावकाश या... आणि इतक्या वर्षांबद्दल माफ करा.”

कापसाचा वास आला. चपलांचा आवाज मात्र पलीकडे गेला नाही. तो जवळ आला, गाडीच्या कडेने मागे गेला, आणि थांबला. गाडी मागच्या बाजूने किंचित खाली बसली, जशी माणसं बसल्यावर बसते.

फुलीसाहेबाने आरशात पाहिलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो पुढे बघत राहिला. मागे खट् झालं. सीटबेल्ट अडकवल्याचा आवाज. थोड्या वेळाने दुसरा. मग तिसरा.

त्याने इशारा दिला, आरशाऐवजी मान वळवून बाजूचा रस्ता पाहिला, आणि तिशीच्या वेगाने गाडी घरापर्यंत आणली. दारात गाडी उभी केली. इंजिन बंद केलं. हॅन्डब्रेक ओढला, आणि ओढला आहे ना, हे पुन्हा एकदा पाहिलं. घरातून बायकोने हाक मारली, जेवण वाढलंय म्हणून.

“आलो,” तो म्हणाला, पण उतरला नाही. कान मागे लावून तो बसून राहिला, पाच मिनिटं, दहा मिनिटं.

बेल्ट सुटल्याचा आवाज काही आला नाही.