पहिली ओळ निळी

विश्वास बसणार नाही, ठाऊक आहे. पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. यू-चिन माझी सख्खी नणंद, तिच्याच तोंडून ऐकलंय.

तैवानमधल्या ताइनान शहरातलं इस्पितळ. सातव्या महिन्याची, म्हणजे तिथे मेलेले परत येतात त्या महिन्याची पौर्णिमा, दुपारचे तीन.

सगळी लॅब खाली अंगणात, भटक्या ‘भावां’साठी नैवेद्याचं टेबल मांडायला गेलेली. त्यांना भूत म्हणायचं नसतं.

यू-चिन एकटीच वर. तिची प्लेट वाचायची वेळ झाली होती.

आयसीयूत एक बाळंतीण तापाने फणफणली होती. रक्तात यीस्ट, म्हणजे बुरशीच. त्या बुरशीवर कुठलं औषध चालतं, ते प्लेटमधल्या इवल्या खळग्यांवरून कळणार होतं. निळं राहिलं तर औषध लागू. गुलाबी झालं तर बुरशी वाढतेय, औषध फुकट.

एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने मागे बसून पडताळायचं, अशी तिथली पद्धत.

“पहिली ओळ, निळी.” एकेका ओळीत एकेक औषध; बाळंतिणीला चालू असलेलं याच ओळीत होतं.

मागून आवाज आला...

“गुलाबी.”

पडताळणारी बाओ-जू वर आली वाटतं.

“निळीच आहे गं. चष्मा पूस.”

“गुलाबी.”

“तुझं आपलं काहीतरीच. सकाळपासून उपाशी आहेस, म्हणून रंग दिसतायत.”

खुर्ची करकरली... श्वास मात्र ऐकू येत नव्हता.

“गुलाबी, यू-चिन.”

ती वैतागली. सरळ फोन उचलून आयसीयूतल्या डॉक्टर लो यांना म्हणाली, चालू औषध लागू आहे, तेच ठेवा.

फोन ठेवते तोच दार उघडलं.

बाओ-जू. अंगाला उदबत्तीचा वास, हातात ओला टॉवेल.

“तू... आत्ता आलीस?”

“मग काय उडत येऊ? लिफ्ट बंद आहे.”

यू-चिनने मागे पाहिलं. खुर्ची रिकामी...

बाओ-जूने प्लेट उजेडात धरली. “हिला निळी म्हणतेस? गुलाबी झाक आहे की. पार शेवटच्या खळग्यापर्यंत.”

यू-चिनने वाकून पाहिलं. तिने पुन्हा फोन लावला. “डॉक्टर, चुकलं माझं. औषध बदला.”

नर्स पुढचा डोस लावतच होती. तो थांबवला.

बाओ-जूने हळूच विचारलं, “मागून कुणी बोललं, तर तू उत्तर नाही ना दिलंस? या महिन्यात?”

“नाही,” यू-चिन खोटं बोलली.

बाळंतीण बारा दिवसांनी बाळाला घेऊन घरी गेली.

यू-चिन अजून तिथेच आहे. प्रत्येक ओळ वाचली की थांबते, मागे कान देते. काहीच येत नाही...

“वहिनी,” परवा ती मला म्हणाली, “आवाज आला नाही, म्हणजे मी बरोबर वाचलं, असंच ना?”